आजार एकच, शेवट चार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत एका पालकांचं पत्र आलं होतं. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या व्हिडिओ गेमचं नाव घेऊन त्यांनी लिहिलं होतं, की दरोडेखोराला नायक करायचं, पोरांकडून त्याच्या नावाने लूटमार करून घ्यायची आणि शेवटी त्याला क्षयरोग लावून सहानुभूती उकळायची, असा हा सगळा धंदा आहे. गेमबद्दल मी एरवी तोंड उघडलं नसतं. पण क्षयाचं नाव निघालं आणि राहवलं नाही. माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं त्या एका रोगात गेली. आरोग्य सेविका म्हणून लागले, आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात सातारा जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर थुंकीच्या डब्या गोळा करत आणि ‘गोळ्या घेतल्या का’ विचारत फिरले. शिवाय हा गेम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलाय. खेळले नाही, पाहिला. धाकटा मुलगा घरून काम करत होता तेव्हा रात्री जेवणं झाली की हॉलमधला टीव्ही त्याच्या ताब्यात जायचा. माझी मालिका बुडते म्हणून आधी भांडले, मग शेंगा सोलत तिथेच बसायला लागले, आणि नंतर नंतर ‘पुढचं लाव रे’ असं मीच म्हणू लागले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रॉकस्टार गेम्स या कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये हा गेम आणला. काळ १८९९ चा, देश अमेरिका. डच व्हॅन डर लिंड नावाचा एक बोलघेवडा माणूस टोळी बाळगून असतो, आणि छत्तिशीतला आर्थर मॉर्गन हा त्याचा उजवा हात. पोरवयापासून डचनेच वाढवलेला. बँका लुटणं, आगगाड्या अडवणं, मध्ये येईल त्याला गोळी घालणं, हे त्याचं रोजचं काम. परिस्थितीने बिघडलेला भला मुलगा वगैरे प्रकार नाही. टोळीतला स्ट्राउस नावाचा एक ऑस्ट्रियन गृहस्थ गरजू लोकांना भरमसाट व्याजाने पैसे देतो, आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. हे काम आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. सावकार चष्मा पुसत वहीत आकडे लिहितो, दारात उभा राहतो तो दुसराच.

या वसुलीतला एक कर्जदार म्हणजे थॉमस डाउन्स. त्याला आपण आधी एकदा ओझरतं पाहिलेलं असतं. व्हॅलेंटाइन नावाच्या गावात आर्थर एका धिप्पाड माणसाला चिखलात लोळवून मारत असतो, तेव्हा मध्ये पडून ‘पुरे आता’ म्हणणारा काटकुळा माणूस तो हाच. नंतर आर्थर त्याच्या शेतावर जातो. डाउन्स एकटाच राबत असतो. आर्थर त्याला धरतो, गुद्दे घालतो, कुंपणावर आदळतो, आणि तो माणूस खोकता खोकता आर्थरच्या तोंडावर रक्त उडवतो. बायको आणि मुलगा धावत बाहेर येतात.

तो खोकला ऐकला आणि मी शेंगा खाली ठेवल्या. म्हटलं, ‘अरे, हा टीबीचा पेशंट आहे. त्याला म्हणावं तोंडाला रुमाल बांध.’ मुलगा हसला. गेममध्ये त्या रोगाचं नाव निघायला अजून बऱ्याच रात्री जायच्या होत्या.

मुलगा मात्र वैतागला होता वेगळ्याच कारणाने. ‘दुसरा पर्यायच देत नाहीये गं,’ म्हणाला. तिथे म्हणे बटण दाबावंच लागतं. मारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. पत्रलेखक पालकांचा आक्षेप नेमका इथे असणार, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मारहाण बघवत नव्हतीच. पण कादंबरीतला खून आपण वाचतो, तो दुसऱ्याने केलेला असतो. हा गुद्दा माझ्या पोराच्या अंगठ्याने मारला होता आणि ते त्याला माहीत होतं. पुढे डाउन्स मेल्याचं कळतं. आर्थर उरलेले पैसे मागायला त्याच्या विधवेच्या दारात पुन्हा जातो, तेव्हा शेत सोडून निघायची त्यांची बांधाबांध चाललेली असते. मुलाने त्या रात्री खेळ लवकर बंद केला. मी काही विचारलं नाही.

आता माझ्या खात्याच्या दोन तक्रारी मांडून घेते, नाहीतर झोप लागायची नाही. पहिली अशी, की क्षयाचे जंतू हवेतून जातात. खोकल्यातून, शिंकेतून, बंद खोलीत रोज सोबत राहिल्यावर. उघड्या शेतात एकदाच झालेल्या झटापटीत लागण होणं अशक्य नाही, पण आमच्याकडे बहुतेक रुग्णांच्या मागे तीच अंधारी खोली आणि तेच एक अंथरूण निघायचं. दुसरी तक्रार वेगाची. लागण झालेल्यातले बहुसंख्य आयुष्यात कधी आजारी पडतच नाहीत, आणि जे पडतात त्यांनाही अनेक महिने, कधी वर्षं लागतात. आर्थर त्याच वर्षात डोळे खोल गेलेला, गालफडं बसलेला, चार पावलांत धापा टाकणारा होतो. गोष्टीला घाई होती, समजू शकते. बाकी त्यांनी जे दाखवलंय ते मात्र चोख. अंगरखा सैल होतो, माणूस खोकल्याआधीच खाली वाकतो, लोक जरा अंतर ठेवून उभे राहतात. एवढं बारीक निरीक्षण मी आमच्या जनजागृतीच्या पोस्टरांवरही पाहिलेलं नाही.

सेंट डेनिस नावाच्या मोठ्या शहरात तो रस्त्यातच कोसळतो. कुणीतरी डॉक्टरकडे पोचवतं. डॉक्टर तपासून रोगाचं नाव सांगतो आणि म्हणतो, कोरड्या, उबदार हवेच्या ठिकाणी जाऊन आराम करा. हा सल्ला ऐकून मला आमच्या मिरजेजवळचं वानलेसवाडी आठवलं. औषधं नव्हती तेव्हा तिथल्या सॅनेटोरियममध्ये लोक मोकळ्या हवेसाठीच येऊन राहायचे. रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू जगाला सांगितला तो १८८२ मध्ये. स्ट्रेप्टोमायसिन हे त्यावरचं पहिलं गुणकारी औषध सापडलं १९४३ मध्ये. आर्थर बरोबर मधल्या पट्ट्यात सापडलेला. कशाने मरणार ते कळतंय आणि त्यावर गोळी नाही. आमच्या पेशंटला आम्ही सांगू शकायचो, ‘सहा महिने नेमाने घे, लघवी लालसर झाली तर घाबरू नको, ती गोळीने होते, बरा होशील.’ त्या डॉक्टरकडे असलं एकही वाक्य नव्हतं.

इथे पत्रलेखकांचा मुद्दा येतो, की आजार लावला म्हणजे माणूस आपोआप चांगला दाखवता येतो. मी शेकडो घरांत गेले असेन. खाट धरली म्हणून कुणी देवमाणूस होत नाही. एक गडी बायकोला मारायचा. गाव सांगत नाही. औषधं सुरू झाली तरी मारायचा, कोर्स पूर्ण झाला तरी मारायचा. फरक एवढाच, की आता त्याला मध्ये दम लागत नव्हता. त्याच वर्षी एक ट्रकवाला होता, वाळूच्या खेपा करणारा, तोंडाने फाटका. बेडका पॉझिटिव्ह आल्यावर पहिला आठवडा त्याने मलाच शिव्या दिल्या. मग एके दिवशी स्वतःच दारात आला आणि केबिनमध्ये त्याच्या शेजारी जे जे बसायचे त्यांची नावं सांगायला लागला. क्लीनर, हमाल, एक शाळकरी पोरगा, ज्याला तो बिडी ओढायला द्यायचा. त्या पोराला तर तो स्वतः ट्रकमध्ये घालून तपासणीला घेऊन आला, आणि पोराच्या आईचं बोलणं खाली मान घालून ऐकून घेतलं. जंतू त्या मारकुट्या गड्याच्या आणि या ट्रकवाल्याच्या छातीत एकच होता.

गेम करणाऱ्यांना हे ठाऊक असावं. कारण आर्थरला क्षय प्रत्येक खेळात होतो. तुम्ही त्याला कसाही वागवा, माणुसकीने वागवा की राक्षसासारखं, खोकला तोच, डॉक्टर तोच, मुदत तीच. पण शेवट मात्र चार. शेवटी एक निवड असते, जॉन मार्स्टन या टोळीतल्या साथीदाराला त्याच्या बायकापोरापर्यंत पोचू द्यायचं की पैशासाठी मागे फिरायचं. आणि त्याआधी तुम्ही कसे वागलात त्याचा हिशेब प्रत्येक वाटेवर वेगळा लागतो. माझ्या मुलाचा आर्थर डोंगरावर उगवत्या सूर्याकडे बघत गेला. मुलाच्या मित्राने वाटेल तसा खेळून पाहिला होता, त्याच्या आर्थरने जॉनलाच वाचवलं, तरीही टोळीतल्याच मायका बेल नावाच्या नीच माणसाने पिस्तूल लावून त्याला संपवलं. तेव्हा क्षयाने सहानुभूती उकळली हा आरोप टिकत नाही. क्षयाने फक्त ‘आता वेळ थोडा आहे’ एवढं सांगितलं. पुढचं खेळणाऱ्याच्या अंगावर टाकलं.

आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी झाला ही गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत असते. दर खुनामागे एक खडा, असे सात रांजण भरले होते म्हणतात. नारदाने विचारलं, घरचे पापात वाटेकरी होतील का. ते नाही म्हणाले. वाल्या तपाला बसला. लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना मला एकच प्रश्न पडायचा, आणि आजीने त्यावर मला कधी धड उत्तर दिलं नाही. त्या रांजणातल्या खड्यांच्या घरी काय चाललं होतं? वाल्याभोवती वारूळ वाढत होतं तेव्हा त्या बायका कुणाच्या दारी धुणीभांडी करत होत्या? गोष्टीला त्यांच्याशी कर्तव्य नाही. या गेमला आहे, म्हणून मी त्यात अडकले.

डाउन्सची विधवा, ईडिथ, पुन्हा भेटते. कोळशाच्या खाणीच्या ॲनेसबर्ग गावात. कोवळा मुलगा आर्ची खाणीत राबतोय आणि ती पोटासाठी शरीर विकते आहे. आर्थर तिच्याशी बोलायला जातो तर ती त्याला झिडकारते. पुढे एका गिऱ्हाइकाच्या तावडीतून तो तिला सोडवतो, मायलेकांच्या हातात पैसे ठेवतो, इथून निघून जा म्हणतो. ती पैसे घेते. क्षमा करत नाही. तोही मागत नाही. त्या प्रकरणाला गेममध्ये जे नाव दिलंय त्याचा अर्थच असा, की पापमुक्ती मागू नकोस. आणि गंमत म्हणजे हा भाग खेळलाच पाहिजे असं नाही. डाउन्सला मारणं सक्तीचं, त्याच्या बायकोला हात देणं तुमच्या मर्जीवर. ज्याला नको तो सरळ पुढे जाऊ शकतो. मुलाने विचारलं, ‘जाऊ का?’ मी म्हटलं, ‘तुझ्या आर्थरला विचार.’ तो गेला.

दुसरी एक जागा सांगते. टोळीने शेवटचं ठाणं मांडलेलं, माणसं एकमेकांकडे संशयाने बघतायत, आणि स्ट्राउस तरीही थकलेल्या कर्जदारांची यादी आर्थरच्या हातात देतो. आर्थर त्या लोकांकडे जातो आणि तिथे आपल्याला कर्ज सोडून देता येतं. वसुली करायला गेलेला माणूस देऊन परत येतो. मग एके दिवशी स्ट्राउसला तो बखोटीला धरून उठवतो, सामान भिरकावतो आणि ठाण्याबाहेर हाकलतो. मी टाळी वाजवली. पण लिहिणाऱ्यांनी तिथेही मला सुखाने बसू दिलं नाही. बऱ्याच पुढे ओघात कळतं, की तो स्ट्राउस सरकारी बाजूच्या गुप्तहेरांच्या हाती लागला आणि टोळीतल्या एकाचंही नाव न सांगता मेला. आता त्याला कुठल्या कप्प्यात टाकायचं ते तुम्हीच ठरवा.

सगळंच मला पटलं असं नाही. या गेममध्ये प्रतिष्ठेचा एक काटा आहे. चांगलं वागलं की उजवीकडे, वाईट वागलं की डावीकडे. डाउन्सच्या विधवेसाठी हललेला काटा मला समजतो. पण रस्त्यावर भेटेल त्याला नमस्कार घातला तरी तो हलतो! मुलगा सेंट डेनिसच्या पदपथावरून निवडणुकीतल्या उमेदवारासारखा प्रत्येकाला रामराम करत फिरायचा. मासा धरून परत पाण्यात सोडला तरी पुण्य. वर काटा उजवीकडे गेला की दुकानदार मालावर सूट देतात. म्हणजे माणूस मारल्याचं पाप मासे सोडून फेडायचं आणि वर टोपी स्वस्तात घ्यायची. एवढी सुंदर गोष्ट लिहिणाऱ्यांना हे किराणा दुकान मांडायची काय गरज पडली? काटा लपवून ठेवला असता तरी चाललं असतं. आपण चांगले आहोत का हे माणसाला कोपऱ्यातल्या चित्रावरून कळता कामा नये.

त्याची भरपाई आगगाडीच्या स्थानकावरच्या बाकावर होते. सिस्टर काल्देरोन नावाची वयस्कर जोगीण तिथे गाडीची वाट बघत असते, आर्थर शेजारी बसतो आणि सांगतो, की मी मरतोय आणि मला भीती वाटतेय. एवढा आडदांड गडी. रॉजर क्लार्क या नटाने आवाज दिलाय, तो तिथे नुसता खाली बसतो. मी आयुष्यात असे आवाज ऐकलेत, चुलीपाशी, गोठ्यात, एकदा एसटीच्या मागच्या सीटवर. पुरुषमाणूस ‘भीती वाटते’ हे शब्द सहसा घरच्यांना सांगत नाही, गोळ्या द्यायला येणाऱ्या बाईला सांगतो. हे त्या लिहिणाऱ्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. मुलगा म्हणतो, काटा डावीकडे असेल तर ती तिथे भेटत नाही, टोळीतलाच एक पाद्री भेटतो. मला ते आवडलं. वाईट माणसालाही बोलायला कुणीतरी ठेवलंय.

आता पत्रलेखकांना एक गोष्ट मान्य करून टाकते, म्हणजे वाद नको. हा गेम अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही. युरोपात त्याच्या डबीवर १८ हा आकडा छापलेला असतो. रक्त आहे, शिव्या आहेत, गोष्ट उगाळत बसण्याइतकी लांब आहे. सातवीतल्या पोराच्या हातात तो दिला असेल तर दोष गेमचा नाही, पण तक्रार योग्य आहे. माझा मुलगा कमावता आहे आणि मी तर निवृत्त.

आपल्याकडेही माझी एक तक्रार आहे, संपादक महाशय. वृत्तपत्रात गेमचं नाव येतं ते दोनच वेळी, बंदी आली की किंवा कुणाचं पोर अभ्यास सोडून नादी लागलं की. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन प्रकारांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, ते चांगलंच झालं. त्या जुगाराने वाटोळं झालेली घरं माझ्याही ओळखीत आहेत. पण आर्थरची गोष्ट आणि ती पत्त्यांची ॲप्स एकाच मथळ्याखाली का येतात? खलनायकच मध्यभागी असलेली नाटकं आपण हाऊसफुल्ल चालवली. त्यांची परीक्षणं आपल्याच पानांवर वाचून मी तिकिटं काढली आहेत. कुणी कसं काम केलं, दुसरा अंक कुठे ढिला पडला, खलनायक शेवटी बदलतो ते पटतं की ओढूनताणून आणलंय, अशी चर्चा आपल्या वाचकांना नवी नाही. तीच गेमबद्दल करा. महिन्यातून एक छोटंसं परीक्षण पुरे. वर ठळक अक्षरात वय छापा, आणि लिहायला असा माणूस निवडा ज्याने तो शेवटपर्यंत खेळलाय. पहिल्या अर्ध्या तासावरून लिहिलं तर आर्थर मॉर्गन नुसता गुंडच दिसणार, डाउन्सच्या कुंपणापर्यंत तर तो आहेच.

मुलाचं म्हणणं, सुरुवात ‘गॉड ऑफ वॉर’ने करावी. त्यातला क्रेटोस २००५ च्या पहिल्या गेममध्ये स्वतःच्या बायकोमुलीच्या खुनाचं ओझं घेऊन युद्धदेव एरीसच्या मागे लागलेला असतो, आणि २०१८ च्या गेममध्ये तोच दाढी पिकलेला बाप पोराला शिकार शिकवताना दिसतो. मधली वर्षं कशी भरली आहेत ते बघायचं. दिवाळीला तो कन्सोल घेऊन येणार आहे. पटलं तर तेही कळवीन, आणि नाही पटलं तर नक्कीच कळवीन.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
कोरेगाव, जि. सातारा